एक्केचाळिसावी ओळ

द्रेनोव दोलमध्ये मेलेल्या माणसावर माती टाकायची कुणाला घाई नसते. पाद्री आपलं म्हणून घेतो, धूप फिरतो, दोर सैल होतात, पेटी खाली टेकते, आणि फावडी घेतलेले दोन गडी मागे सरून उभे राहतात. आधी घरातल्या बाईनं रडायचं असतं. लेक असेल तर लेकीनं, नसेल तर सुनेनं, तीही नसेल तर शेजारणीनं. हे रडणं म्हणजे नुसतं हुंदके देणं नव्हे. त्याला सूर असतो, ओळी असतात, मेलेल्याला नावानं हाक मारून केलेल्या तक्रारी असतात. ते झाल्याशिवाय पहिलं ढेकूळ पडत नाही. न रडता पुरलं तर आमच्याकडे म्हणतात, कुत्र्यासारखं पुरलं.

अशा रडण्यात स्तोयनाचा हात धरणारी बाई आसपासच्या पाच गावांत नव्हती. कुठं मयत झाली की तिला बोलावणं यायचं, आणि ती विळा टाकून, एप्रन सोडून निघायची. तिचा नवरा म्हणायचा, "मेलेल्यांशी ही जेवढं गोड बोलती त्याच्या निम्मं माझ्याशी बोलली असती, तर मला मरायची घाई झाली नसती." तो खरंच लवकर गेला. त्याच्यावर ती इतका वेळ गायली की शेवटी गडी फावड्यांवरच टेकून बसले.

तिला तीन मुलं झाली आणि दोन गेली. राहिली ती सगळ्यात धाकटी, एव्दोकिया. गाव तिला दोका म्हणायचं. पोरगी हुशार निघाली. तालुक्याच्या शाळेत पहिली आली, आणि बहात्तर साली राजधानीत, सोफियाला, विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. कशाला, तर स्लाव भाषा आणि त्यांचं वाङ्मय शिकायला.

ही बातमी फाटकाशी उभं राहून स्तोयनानं शेजारच्या रुमेनाला सांगितली. रुमेना तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, जिवाभावाची, आणि तोंडाची फटकळ.

"भाषा शिकती म्हंजे? हिला बोलता येतं की."

"दुसऱ्यांच्या भाषा. पोलिश, चेक, रशियन, आणिक कुठल्या कुठल्या."

"बरं. दोका, भाकरीला काय म्हणत्यात गं तिकडं?"

दोकानं ऐटीत सहा भाषांमधून भाकरीला काय म्हणतात ते सांगितलं. रुमेनानं कान देऊन ऐकलं आणि मग कमरेवर हात ठेवले.

"सगळे एकच तर म्हणत्यात! मग त्याला पाच वर्सं कशाला लागत्यात?"

"आणि हिला एकीतबी करता येत न्हाई," स्तोयना म्हणाली. दोघी हसल्या. दोकाही हसली. तेव्हा ती अजून त्यांच्यासारखंच हसायची.

विद्यापीठात पहिल्या वर्षी जुनी भाषा शिकवत. हजार वर्षांपूर्वी चर्मपत्रांवर उतरवलेली, आता कुठंच न बोलली जाणारी. प्रोफेसर बालेव शिकवायचे. उंच, वाकलेले, खिशात खडूचे तुकडे असलेले. एके दिवशी त्यांनी दोकाला उभं करून काही वाचायला सांगितलं, आणि ती आपल्या सवयीनं वाचून गेली. प्रोफेसर खडू टाकून तिच्या बाकाशी आले.

"तुम्ही कुठल्या?"

"द्रेनोव दोलची, सर."

"पुन्हा म्हणा. सगळ्यांनी ऐका. हा उच्चार पुस्तकातून मेला त्याला आठशे वर्षं झाली. आणि ही मुलगी बघा, जिवंत घेऊन आली आहे!"

त्यांना केवढा आनंद झाला होता. बिचारे डोळे पुसत होते. पण मागच्या बाकावर कुणीतरी मेंढीसारखं ओरडलं आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून दोकानं आरशासमोर बसून आपली जीभ बदलायला घेतली. हुशार पोरगी, जे हातात घेई ते तडीस नेई. दुसऱ्या वर्षाअखेर ती रेडिओवरच्या बाईसारखं बोलायला लागली. सुट्टीत गावी आली की आईशी आईसारखं बोलायची खरी, पण पहिले दोन दिवस तिला ते ठरवून करावं लागायचं. स्तोयनाच्या ते लक्षात यायचं.

तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवत. खांद्याला अडकवायचा, बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर, छापील कार्डांचा गठ्ठा आणि पाळीपाळीनं मिळणारी एक फीत. जुनी गाणी, गोष्टी, शब्द गोळा करून आणायचे. दोकाच्या वाट्याला रडण्याची गाणी आली. वर्गातले बाकीचे हळहळले, कारण ही गाणी कुणी बाई सहज देत नाही. दोका मनातून खूश झाली. कुणाला विहीर शोधावी लागते, हिच्या तर घरातच पाणी.

आईनं साफ नकार दिला.

"मेलंय कोण?"

"कुणी नाही, आई. नुसतं म्हणायचं. नमुना म्हणून."

"नमुना? रडण्याचा नमुना? अगं, कुणी मेलेलं नसताना रडलं तर मरण दार ठोठावत येतं, 'मला बोलावलं का' म्हणून. इचार त्या रुमेनाला."

रुमेना मिरच्या ओवत बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "येतं."

दोका दोन दिवस मागे लागली. प्रोफेसरांनी सांगितलंय, गुण जातील, तुझ्यासारखी दुसरी कुणी नाही, तू गेलीस की हे सगळं जाईल. हे शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. शहाणी माणसं कधी कधी फार मूर्ख वाक्यं बोलतात. स्तोयना चूल सारवत होती, तिचा हात थांबला.

"यंत्रात ऱ्हातं का ते?"

"राहतं."

"किती दिस?"

"कायमचं. विद्यापीठात असतं ते, आई, कपाटात. कुलपात."

स्तोयनानं हात धुतले. काळा रुमाल काढून डोक्याला बांधला. "छपराखाली न्हाई म्हणायची," ती म्हणाली, "अक्रोडाखाली चल. रुमेना, तू माज्या शेजारी बस. आणि तू, दोका, मागं बस. तोंडाकडं बघू नगंस माज्या."

अक्रोड कुंपणापलीकडे होता. दोघी बाया खांद्याला खांदा लावून बसल्या आणि त्यांच्या पाठीमागे गवतात दोका यंत्र घेऊन बसली. आई गायला लागली. आवाज चढला की यंत्रावरचा काटा लाल पट्टीत जायचा, म्हणून दोका सतत एक बटण मागे-पुढे फिरवत होती. अकरा मिनिटं ती त्या काट्याकडे बघत होती. मध्येच एकदा आई कोसळली, शब्द फुटेनात, नुसतं रडणं झालं, आणि दोकाच्या मनात आलं की एवढा भाग खराब जाणार. मग आई सावरली आणि शेवटपर्यंत गेली.

संपल्यावर दोकानं कार्ड भरायला घेतलं. गाव, गाणारीचं नाव, वय एकोणसाठ. पुढचा रकाना होता मेलेल्याशी नातं.

"कुणासाठी म्हणालीस हे, आई?"

स्तोयना रुमालाचं टोक डोळ्यांना लावत होती. रुमेना काही बोलणार होती, तिच्या गुडघ्यावर स्तोयनानं हात ठेवला.

"एका म्हातारीसाठी. लिव्ह."

दोकानं लिहिलं, 'एक वृद्धा, नातं अज्ञात.'

सोफियाला परत गेल्यावर तिनं ते गाणं कागदावर उतरवलं. चौसष्ट ओळी निघाल्या. दर पाचव्या ओळीला आकडा, प्रत्येक शब्दावर आघाताची खूण. विसाव्या ओळीपासून लेक दूर असल्याचं, वाट लांब असल्याचं, बायांनो तिला बोल लावू नका असं काही होतं. तिनं तळटीप दिली की दूरची लेक ही या गाण्यांत नेहमी येणारी कल्पना आहे, तुलनेसाठी अमुक आणि तमुक पाहावं. एक्केचाळिसाव्या ओळीवर ती अडली. 'तिला येवढंच सांगा,' असं आई म्हणत होती, आणि तिथंच ते रडणं होतं. दोकानं तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला. शब्द होते, पण कळत नव्हते. अशा वेळी चौकोनी कंसात तीन टिंबं द्यावीत असा नियम होता. तिनं टिंबं दिली. प्रोफेसर बालेवांनी कागद तपासला, त्या टिंबांखाली तांबड्या शाईनं रेघ मारली आणि लिहिलं, 'छान. जे ऐकू आलं नाही ते आपल्या मनचं लिहू नये. हाच प्रामाणिकपणा.' त्या शेऱ्याचा तिला पुढं कितीतरी वर्षं अभिमान वाटत राहिला.

विभागात फितींची नेहमीच ओढाताण. एकूण नऊ, आणि विद्यार्थी तीस. म्हणून रीत अशी पडली होती की कागद तपासून झाला, सही झाली, की फीत पुसून पुढच्या कामाला घ्यायची. कागद असला म्हणजे झालं. सगळेच तसं करत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. नोव्हेंबरात दोका दुसऱ्या एका कामासाठी डॅन्यूबकाठच्या गावी गेली, तिथं तिला एक खोगीर बनवणारा म्हातारा भेटला. आईचं गाणं होतं त्याच सहा नंबरच्या फितीवर तिनं त्याला बोलतं केलं. तांबडं बटण तिनं स्वतः दाबलं. तेव्हा तिला काही म्हणजे काही वाटलं नाही. आईचा आवाज काय, दर पंधरवड्याला गावी गेलं की फाटकापासूनच कानावर पडायचा.

दोका शिकली, तिथंच शिकवायला लागली. रडण्याची गाणी हाच तिचा विषय झाला. सर्बियातली, पोलंडच्या डोंगरातली, युक्रेनच्या दलदलीतली, सगळीकडची तिनं जमवली. चार हजार कार्डं झाली. कोणत्या गाण्यात मेलेल्याला घर म्हणतात, कोणत्यात पक्षी, कोणत्यात वाटसरू, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. मधल्या काळात लग्न झालं आणि मोडलं, त्यावर कार्ड नाही. परदेशात तिला व्याख्यानाला बोलावत. व्याख्यानात ती नमुन्याच्या ओळी म्हणून दाखवायची, स्वच्छ, एका सुरात, रेडिओवरच्या बाईसारख्या.

एक्काण्णव साली तिचं छोटंसं पुस्तक निघालं. सदतिसावं गाणं आईचं. ती पुस्तक घेऊन गावी गेली. स्तोयना तोवर पंचाहत्तरीला आली होती. तिनं पुस्तक एप्रनला पुसून हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"ह्यात माजा आवाज हाय?"

"तुझे शब्द आहेत, आई. हे बघ, तुझं नावसुद्धा आहे."

"आणि ते यंत्रातलं?"

दोकाला तेव्हा कुठं ते आठवलं. खोगीरवाला आठवला. आणि ती म्हणाली, "तेही आहे. कपाटात."

"कुलपात?"

"कुलपात."

स्तोयनानं समाधानानं मान हलवली आणि पुस्तक देवाच्या तसबिरीमागे ठेवलं. असल्या लहानशा खोट्याला आपण खोटं म्हणत नाही, म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं म्हणतो. दोकानंही तसंच म्हटलं असणार. पण त्या दिवसापासून गावी जाणं हळूहळू कमी झालं. आधी महिन्याला, मग सणाला.

गावही संपत चाललं होतं. शाळा बंद पडली, दुकान बंद पडलं, बस आठवड्यातून दोनदा यायला लागली. दारोदार कोण गेलं ते सांगणाऱ्या छापील चिठ्ठ्या चिकटलेल्या, आणि कित्येक दारांच्या आत ती चिठ्ठी वाचणारंही कुणी उरलेलं नाही. रुमेनाच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. ती आता कुजबुजल्यासारखी बोलायची. तोंड मात्र तसंच फटकळ राहिलं.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये एका सकाळी दोकाचा फोन वाजला. पलीकडून नुसती घरघर ऐकू आली. तिला आधी वाटलं, लाइन खराब आहे.

"दोका, म्या रुमेना. गेली तुजी आई. पहाटं. कोंबड्यांस्नी दाणं टाकायला उठली, आणि दारातच बसली."

दोकानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"उद्या दुपारी न्यायची. पाद्री उद्याच येतोय, मग आठ दिस न्हाई येत. ऐकतीस का? आणि ते यंत्र घिऊन ये."

"कसलं यंत्र, मावशी?"

"कसलं म्हंजे? ज्यात तिचं रडणं हाय ते. अक्रोडाखालचं."

"ते... मावशी, ते तर कुणा म्हातारीसाठी होतं."



"आगं, पुस्तकं लिवलीस तू त्यावर," रुमेना म्हणाली. "त्या दिसी ती सोतावरच रडली न्हवं. माज्या शेजारी बसून. मला म्हणाली, रुमेना, ह्या पोरीचा गळा शहरात गेला, आता हिला माज्यावर रडायला जमायचं न्हाई. तवा माजं म्याच रडून ठिवते, हिच्या पेटीत ठिवते. म्या मेले की ते उशाशी लावा, आणि मग माती टाका. पोरीला काय बोलू नगं म्हणाली. म्हणून इतकी वर्सं न्हाई बोलले. माजा गळा असता तर म्याच केलं असतं. पर आता... तू ते आण."

दोका तशीच उठून विभागात गेली. तळघरातल्या कपाटाची किल्ली तिच्याच पर्समध्ये असायची. तिला माहीत होतं काय सापडणार ते, तरी ती गेली. माणूस आशेला लाजत नाही. न जाणो, कुणी प्रत काढून ठेवली असेल. न जाणो, खोगीरवाला आठच मिनिटं बोलला असेल आणि त्याच्यामागे आईची तीन मिनिटं उरली असतील. सहा नंबरची फीत तिनं जुन्या यंत्रावर चढवली आणि कानाला लावून बसली. खोगीरवाला बोलायला लागला. लाकूड कोणतं घ्यावं, चामडं कसं भिजवावं, गाढवाची पाठ आणि खेचराची पाठ यात फरक काय. आठ मिनिटं झाली, दहा झाली, अकरा झाली. मग त्यानं आपल्या भावाच्या खेचराची गोष्ट काढली. फार बोलका माणूस होता. फीत संपली तेव्हाही तो बोलतच होता.

तिनं कपाटातून तो जुना कागद काढला, तांबड्या रेघेचा. घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत गावातली होती नव्हती तेवढी माणसं आली. होती कितीशी, अकरा. त्यातला एक अंथरुणाला खिळलेला, म्हणजे दहा. बायका तिघी. एक निवृत्तीनंतर शहरातून येऊन राहिलेली मास्तरीण, तिला हे काही ठाऊक नव्हतं, दुसरी दोका, आणि काठी टेकत आलेली रुमेना. रिवाजाप्रमाणे आलेल्यांना वाटायला ताटात उकडलेला गहू साखर-अक्रोड घालून ठेवला होता. पाद्रीनं आपलं म्हणून घेतलं, धूप फिरवला, आणि शेजारच्या गावी दुसरी मयत होती म्हणून गेला. पेटी खाली टेकली. फावडी घेतलेले दोन गडी मागे सरून उभे राहिले.

सगळ्यांनी दोकाकडे पाहिलं. रुमेनानं तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"यंत्र कुठाय?"

दोकानं मान खाली घातली.

"आणलं न्हाईस?"

"नाही ते, मावशी. उरलंच नाही."

"कुलपात होतं न्हवं?"

"मी पुसलं ते. त्याच वर्षी."

रुमेनाचा चेहरा कसा झाला ते सांगण्यात अर्थ नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ओरडायला आवाजच नव्हता. ती काठीवर वाकली आणि म्हणाली, "मग तू म्हण. लेक हायस. इतक्या दुनियेची गाणी पाठ हायेत तुला."

पाठ होतीच. शेकडो. दोका कबरीच्या काठाशी गेली आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. पोलंडच्या डोंगरातली बाई तिला आठवली, सर्बियातली आठवली, वर्गीकरण आठवलं, पक्ष्याचं एक आणि वाटसरूचं दुसरं. फावडेवाल्या गड्यांपैकी तरुण होता त्यानं पाय बदलला. सरपंच खाकरला आणि हळूच म्हणाला, "नसेल जमत तर राहू दे, बाई. काळ बदलला. टाका रे."

"थांब," रुमेना कुजबुजली. तो थांबला.

दोकानं खिशातून कागद काढला. पिवळा पडलेला, कडा फाटलेल्या. तिनं चष्मा लावला आणि वाचायला लागली.

"आगं म्हातारे, कुठं निगालीस, चूल आजून गरम हाय. कोंबड्यांस्नी दाणं कोण टाकंल, फाटकाला कडी कोण घालंल."

ती वाचत होती तशीच, जशी व्याख्यानात वाचायची. स्वच्छ, एका सुरात. माणसं खाली बघत होती. त्यांना लाज वाटत होती, तिची आणि तिच्यासाठी. दहावी ओळ झाली, पंधरावी झाली. विसाव्या ओळीवर आली आणि तिचा सूर जरा हलला.

"लेक दूर हाय, वाट लांब हाय. तिला बोल लावू नगा गं बायांनो, तिला बोल लावू नगा. तिचा गळा थकलाय, तिच्या वाटचं म्याच रडते."

याच ओळींना तिनं तळटीप दिली होती. कागदावर खाली ती होती, बारीक अक्षरात, अमुक आणि तमुक पाहावं. अक्षरं तिला नीट दिसेनाशी झाली. तरी ती पुढं वाचत गेली, कारण वाचणं तेवढं तिला येत होतं. तिसावी, पस्तिसावी. चाळिसावी.

"तिला येवढंच सांगा..."

आणि पुढं कंस होता. कंसात तीन टिंबं, आणि टिंबांखाली प्रोफेसर बालेवांची तांबडी रेघ.

ती थांबली. सगळे वाट बघत होते. तिनं रुमेनाकडे वळून पाहिलं. "मावशी, तू शेजारी होतीस तिच्या. इथं काय म्हणाली ती? मला काय सांगायचं होतं?"

रुमेनानं आठवायचा प्रयत्न केला. खूप केला. तिचे ओठ हलत होते. मग तिनं डोकं हलवलं.

"न्हाई गं पोरी. ती रडत होती, म्याबी रडत होते. त्या वक्ताला शबूद कोण ऐकतं? आमाला वाटलं, यंत्र ऐकतंय."

दोकाच्या हातातला कागद खाली गेला. ती गुडघ्यांवर बसली, चांगला कोट चिखलात गेला, आणि जो आवाज निघाला तो तिलाही आधी ओळखू आला नाही. तीस वर्षं तो कुठं होता कोण जाणे.

"आगं आईऽ, सांग न्हवं काय ते! म्या मागंच बसले हुते गं, तुज्या पाठीशी बसले हुते. तुज्याकडं न्हाई बघितलं, काट्याकडं बघितलं. आगं आईऽ, तू माज्या पेटीत ठिवलंस, म्या पुसलं गं, ह्या हातानं पुसलं. वर खोगीर भरलं, गाढवाचं खोगीर भरलं. आणि तुला खोटं सांगितलं, कुलपात हाय म्हणून सांगितलं. आगं आईऽ, बोल लाव मला, आता तू बोल लाव. तुजं येवढंसं हुतं, ते काय हुतं? कुणाला इचारू, कुठं हुडकू, आगं स्तोयना, माजे आई..."

ओळी नव्हत्या त्या, आणि होत्याही. ती पुढं झुकायची, मागं यायची, शेवटचा शब्द लांबवून तोडायची, जशी तिची आई करायची. मास्तरीण तोंडावर हात धरून रडत होती. सरपंचानं टोपी काढली. किती वेळ चाललं ते कुणी पाहिलं नाही. मग तिचा श्वास संपला आणि ती नुसतीच "काय हुतं, काय हुतं" असं पुटपुटत राहिली.

रुमेना काठी टेकत तिच्यापाशी आली. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गड्यांकडे बघून म्हणाली,

"हं. टाका आता माती."